स्मार्टफोन शिकताना: नाशिकच्या ज्येष्ठांनी वारंवार विचारलेले प्रश्न

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फोन शिकवायला बसते. फी नाही, फॉर्म नाही. येणाऱ्यांत कुणी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, कुणी ओझरच्या एचएएलमधून, कुणी दिंडोरीकडची द्राक्षबाग मुलाच्या हाती देऊन शहरात राहायला आलेले. बायका जास्त, आणि प्रश्नही त्यांचेच जास्त. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून माझ्या वहीतले इथे उतरवून काढले आहेत.

माझा नियम एकच आहे. समोरच्याचा फोन मी हातात घेत नाही. तो टेबलावर राहतो आणि बोट ज्याचं त्याचं चालतं. वेळ लागतो, तर लागू दे.

मी दाबते एक आणि उघडतं भलतंच. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे, दाबणं जास्त होतंय. आपला हात रिमोटवर आणि मिक्सरच्या बटणांवर बसलेला, त्यामुळे आपण जोर लावतो आणि बोट तिथेच ठेवतो. या काचेला जोर कळत नाही, बोट किती वेळ टेकलं एवढंच कळतं. जरा जास्त टेकलं की फोनला वाटतं यांना दुसरंच काही करायचंय; मग चिन्हं जागची हलतात, नको ती यादी उघडते. तव्यावरची भाकरी फिरवताना बोटं कशी टेकवतो आणि लगेच उचलतो, तसं करा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग आहे, त्यात 'टच अँड होल्ड डिले' सापडेल. तो लांब करून ठेवला की बोट थोडं रेंगाळलं तरी चालतं.

दुसरं कारण कोरडी त्वचा. काचेखाली विजेचं अगदी सौम्य क्षेत्र असतं, बोट टेकलं की ते बदलतं आणि तेवढ्यावरून फोनला स्पर्श कळतो. फुटलेल्या, घट्टे पडलेल्या बोटाने तो बदल नीट होत नाही. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा प्रश्न हमखास येतो. ओल्या फडक्याला बोट पुसा, नाहीतर हाताला थोडं क्रीम चोळा आणि मग बघा.

मुलगा म्हणतो, "द्या इकडे, मी करून देतो." मग मी कशाला शिकू?

मुलगा प्रेमाने म्हणतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तो फोन घेतो, चार ठिकाणी झरझर बोट फिरवतो आणि "झालं" म्हणून परत देतो, तेव्हा तुमचं काम होतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. पुढच्या खेपेला तो हिंजवडीत मीटिंगमध्ये असतो. नेमक्या त्या वेळी कुणीतरी गोड आवाजात "काका, मी सांगतो तसं करा" म्हणत फोन करतो. हाताला धरून करून देणाऱ्याची सवय झालेला माणूस त्या आवाजामागे सहज जातो. मी शनिवारी बसते ती यासाठीच. फोन वापरता न येणं ही गैरसोय आहे, पण फोन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालवणं हा धोका आहे.

मुलाला सांगा, "तू शेजारी बस, मी करतो. चुकलो तर बोल." आणि प्रत्येक पायरी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहा. छापील माहितीपेक्षा स्वतःचं अक्षर लवकर सापडतं.

अक्षरं दिसत नाहीत आणि टाइप करता येत नाही.

सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात फॉन्ट साइज, मोठा करा. सेटिंगमध्येच फोनची भाषाही मराठी करता येते. टाइप करायची गरजच नाही: कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घातलेली हवी. गाडीवरची पाटी किंवा औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायची असतील तर कॅमेऱ्याने फोटो काढून दोन बोटांनी मोठा करा. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं फोनचा सगळ्यात जास्त उपयोग यासाठीच करतात.

पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागतो का?

नाही. कधीच नाही. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, किंवा खात्यातली शिल्लक बघताना. पैसे येताना तुम्हाला काहीही करावं लागत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलेलं असतं आणि दर शनिवारी मोठ्याने वाचून घेते.

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आता रविवार कारंजावरच्या फुलवाल्यापासून सगळ्यांकडे चौकोनी कोड आहे. आपण तो स्कॅन करतो, रक्कम टाकतो, पिन टाकतो, दुकानातला डबा बोलतो. क्रम इतका अंगवळणी पडलाय की कुणी उलट दिशेने वापरला तर लक्षात येत नाही. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी जुना दिवाण विकायला जाहिरात टाकली. एकाचा फोन आला, म्हणाला, मी देवळाली कॅम्पला लष्करात आहे, बदली होऊन आलोय, भाव करत नाही. आपल्या नाशिककरांना देवळालीच्या तोफखान्याबद्दल आदर, काकूंनी लगेच होकार दिला. त्याने एक कोड पाठवला, "हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात पाच हजार जमा होतील." काकूंनी स्कॅन केला. फोनवर पिनची चौकट आली. तिथे त्या थांबल्या, कारण चौकटीच्या वर 'पे' लिहिलेलं होतं आणि 'पे' म्हणजे देणं हे त्यांनी वहीत लिहिलं होतं. त्यांनी फोन ठेवून दिला. तो माणूस पुढे सहा वेळा फोन करत राहिला.

म्हणून पिन टाकण्याआधी त्या पानावरचं सगळं वाचा: कुणाचं नाव आहे, रक्कम किती आहे. वाचायला दहा सेकंद लागतात आणि दुकानदार तेवढा थांबतो.

पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू का?

माझं स्पष्ट मत, जोडू नका. दुसरं एक बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते पाच-सहा हजार ठेवा आणि तेवढंच खातं फोनला जोडा. काही झालंच तर नुकसान त्या रकमेपलीकडे जात नाही. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट बरं पडतं: एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि त्यात एकूण ५,००० पेक्षा जास्त राहत नाहीत. बँकेत जाऊन यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घेता येते का, तेही विचारा.

साधा बटणांचा फोन असेल तरी यूपीआय चालतं, त्याला यूपीआय १२३पे म्हणतात. मोठा फोन घ्यायची सक्ती कुणावर नाही.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आहे. उघडू का?

आधी फाइलच्या नावाचा शेवट बघा. पत्रिका असेल तर ती फोटो असते किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. कधी ते लग्नपत्रिकेच्या नावाने येतं, कधी वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या, कधी शेतकरी योजनेच्या, कधी बँकेच्या केवायसीच्या. ओळखीच्या नंबरावरून आलं तरी फरक पडत नाही, कारण त्यांचा फोन आधीच चोराच्या हाती गेलेला असू शकतो. शंका आली तर त्यांनाच साधा फोन लावा: "तुम्ही पत्रिका पाठवली का हो?"

ते ॲप फोनमध्ये बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण 'अलाउ' दाबतो आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या आधी त्या चोराला दिसतो. ओटीपी तुम्ही कुणालाही सांगितला नसतानाही पैसे जातात ते असे.

चुकून दाबलं गेलं तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ते ॲप काढणं, पासवर्ड बदलणं त्यानंतर.

बँकेचा खरा फोन कोणता, कसं ओळखायचं?

बँक ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे फोनवर विचारत नाही, ही पहिली आणि शेवटची खूण. बाकीच्या खुणा मदतीच्या आहेत. बँकांच्या व्यवहारासंबंधीच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "मी तुमच्या बँकेतून बोलतोय" असं कुणी म्हणालं तर "मी शाखेत येतो" म्हणून ठेवून द्या. उद्धटपणा होईल म्हणून घाबरू नका. "आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरावर फोन करा" असा मेसेजही याच जातीचा. बिल भरलंय की नाही ते तुम्हाला ठाऊक आहेच.

गूगलवर शोधून सापडलेला कस्टमर केअरचा नंबर लावू नका. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. आणि फोनवरून कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर संभाषण तिथेच संपवा.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला. गणवेशातला माणूस म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.

अशी अटक आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनही हे सांगितलं होतं. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, चौकशी करत नाही, आणि "पडताळणीसाठी" पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही.

याची रीत ठरलेली आहे. तुमच्या नावाने पार्सल पकडलं, त्यात अमली पदार्थ सापडले; किंवा तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला. मागे भिंतीवर बोधचिन्ह, समोर खाकी. मग सांगतात कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, मुलांना सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू. माणसाला तासन्‌तास एकटं पाडणं हाच त्यांचा सगळा धंदा आहे. खोटं ओळखायचं ज्ञान भीतीपुढे टिकत नाही, हे मी शिकल्यासवरल्या माणसांच्या बाबतीत पाहिलं आहे.

म्हणून मी ज्ञान सांगत नाही, कृती सांगते. फोन बंद करा, चप्पल घाला आणि शेजारच्या दारावर थाप मारा. शेजारी नसेल तर खाली वॉचमनशी जाऊन बोला. "मला असा असा फोन आला" एवढं तोंडाने बोललात की त्यांची पकड सुटते. हे आम्ही वर्गात खरोखर करून बघतो: मी पोलीस बनते, समोरचे उठून दारापर्यंत चालत जातात.

पैसे गेले. आता काय?

१९३० हा नंबर लावा, लगेच. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे पुढच्या खात्यांत अडवले जाण्याची शक्यता जास्त. चोर ते मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात ढकलत असतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि खात्याची माहिती हाताशी ठेवा. लगोलग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तो भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झालेली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे.

माझ्या सख्ख्या मावशीने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस हजार गेले होते. लेक रागावेल, सून काय म्हणेल, म्हणून देवघरात बसून राहिली. पाचव्या दिवशी जेवताना रडली तेव्हा कळलं. आम्ही बँकेत गेलो, तर तिथल्या साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं वय झालं, कळत नाही का?" त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मुलांनो, सुनांनो, तुमच्या घरात असं झालं तर पहिलं वाक्य "१९३० ला फोन केला का?" हे असू द्या. रागवायचं असेल तर पुढच्या आठवड्यात रागवा. चोर रोज आठ तास हेच काम करतो, म्हातारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंड देत असतं.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर?

क्रम असा: दुसऱ्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला सांगून यूपीआय थांबवा, पोलिसांत तक्रार द्या. मग संचार साथी या सरकारी सेवेच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून फोन ब्लॉक करता येतो, म्हणजे त्यात दुसरं सिम घातलं तरी तो चालत नाही. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. हा नंबर आजच वहीत लिहून ठेवा: फोनवर *#०६# लावला की स्क्रीनवर येतो. खोक्यावरही छापलेला असतो, पण खोकं कुणाकडे असतं?

संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

सिंहस्थाच्या दिवसांत रामकुंडाकडे, त्र्यंबकेश्वरला जाणार असाल तर फोनवर विसंबू नका. लाखो माणसं एका जागी आली की टॉवरवर ताण येतो आणि कॉल लागत नाहीत. दोन मुलांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरूनच ठरवून निघा.

हयातीचा दाखला घरून देता येतो, खरं का?

खरं. जीवन प्रमाणची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो. दोन ॲप लागतात: आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँक खात्याचा नंबर आणि चालू मोबाइल जवळ ठेवा. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाचं नाव ॲपच्या यादीत शोधायचं. काम झालं की प्रमाण आयडी एसएमएसने येतो, तो जपून ठेवा.

मागच्या नोव्हेंबरमध्ये प्रेसमधले एक आप्पा आले होते. आयुष्यभर यंत्रावर काम केलेले हात, बोटांच्या रेषा जवळजवळ पुसलेल्या. दरवर्षी मशीनवर अंगठा लावायचे, चार-चार वेळा नाकारला जायचा, मग "उद्या या". आम्ही त्यांना खिडकीसमोर बसवलं, उजेड तोंडावर, मागे पांढरी भिंत. चष्मा काढला. ॲप म्हणालं डोळ्यांची उघडझाप करा. आप्पांनी डोळे मिटले ते मिटूनच धरले, फोटोग्राफरपुढे बसल्यासारखे. दुसऱ्या वेळी जमलं. मेसेज आला तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी आता खिडकीवर जायचं नाही?" नाही जायचं.

गावाकडे शेती आहे. उपयोगाची ॲप कोणती?

दोन नक्की. पहिलं ई-पीक पाहणी. ऑगस्ट २०२१ पासून आपल्या सातबाऱ्यावर पीक आपणच नोंदवू शकतो. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, घरी ओट्यावर बसून होत नाही. मुदत संपायच्या दिवशी सर्व्हरवर गर्दी होते, म्हणून आधीच उरका. दुसरं दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने केलेलं. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर इशारा देतं. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात कांदा झाकायला धावताना माणसं झाडाखाली थांबतात, तेव्हा हा इशारा जीव वाचवू शकतो. फोनचं लोकेशन चालू ठेवा.

बस-रेल्वेसाठी?

नाशिकच्या शहर बससेवेचं, सिटीलिंकचं ॲप आहे, त्यात बस कुठवर आली ते बघता येतं. रेल्वेसाठी जुलै २०२५ पासून रेलवन आलं आहे, आरक्षित-अनारक्षित दोन्ही तिकिटं एकाच ठिकाणी. तिकीट काढून झालं की फोनची बॅटरी तपासा, टीसी पुढचं ऐकत नाही.

फोन सारखा 'जागा भरली' म्हणतो.

सुप्रभातचे फोटो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. आधीचे पुसायचे तर एकेक न पुसता तिथेच 'मॅनेज स्टोरेज' उघडा, मोठे व्हिडिओ वर दिसतात. नातवंडांचे फोटो आधी बाजूला काढा. घाईत पुसलेला बारशाचा व्हिडिओ शोधत बसलेली एक आजी मला अजून आठवते.

नातू जेवताना फोनशिवाय घास घेत नाही.

सुनेशी आधी बोला, परस्पर फोन काढून घेऊ नका. त्याने भांडणच होतं. घरातल्या सगळ्यांनीच जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर मूल आठ-दहा दिवस रडतं आणि मग जेवतं. फॅमिली लिंकसारख्या ॲपने वेळेची मर्यादा घालता येते, पण ताटाशेजारी आजोबांचाच फोन वाजत असेल तर ती मर्यादा कोण मानेल?

रात्रभर चार्जिंगला लावला तर चालतं का?

हल्लीचे फोन भरले की स्वतः थांबतात. उशीखाली किंवा गादीवर ठेवून मात्र लावू नका, उष्णता कोंडते. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं असेल तर वापर त्याच दिवशी बंद करा.

शनिवारी येताना काय आणायचं?

फोन, चार्जर, चष्मा आणि दोनशे पानी वही. आधार कार्ड नको, पासबुक नको. पिन वहीत लिहून आणू नका, आणि मी विचारला तरी सांगू नका. पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याचा नंबर स्वतः सेव्ह करायचा आणि स्वतः लावायचा. गेल्या खेपेला एका आजींनी येवल्याच्या बहिणीचा नंबर घातला. नाव टाइप करायला पंचवीस मिनिटं लागली. बाकीचे सगळे थांबले होते.